सोसायटीच्या पार्किंगची सोडत: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काल कमिटीच्या मीटिंगला चहापुरता गेलो आणि गळ्यात काम घेऊन आलो. गाड्या ४३, स्टिल्टमधल्या जागा ३१. नियम सोपा आहे. जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या, वाटप वर्षापुरतं. ज्याचा नंबर आधी तो आधी जागा निवडणार. म्हणजे पहिला नंबर ७ नंबरची जागा घेणार (लिफ्टला लागून, खांब नाही), आणि शेवटी उरणार ती २२, जिच्यावर वरच्या पाइपातून पांढरं पाणी ठिबकतं. ३२ ते ४३ वेटिंग, म्हणजे रस्त्यावर.

गेल्या वर्षी ही सोडत एक्सेलवर झाली होती. सगळ्यांची नावं एका कॉलममध्ये, शेजारच्या कॉलममध्ये रँड (एक्सेलचं यादृच्छिक आकडा काढणारं सूत्र), आणि त्या आकड्यांप्रमाणे चढत्या क्रमाने सॉर्ट. प्रोजेक्टरवर, सगळ्यांदेखत. सॉर्ट झालं आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, ‘अहो, हे आकडे चढते कुठे आहेत?’ खरंच नव्हते. शीटमध्ये काहीही हललं की एक्सेल रँडचे आकडे नव्याने काढतं. सॉर्ट करणं हेही हलणंच. म्हणजे नावं जुन्या आकड्यांनी लागली आणि समोर दिसत होते नवे आकडे. लबाडी काहीच नव्हती, पण दिसायला अगदी लबाडीसारखंच दिसत होतं. मग खजिनदारांनी ‘परत करून दाखवतो’ म्हणून पुन्हा सॉर्ट केलं आणि यादी पूर्ण बदलली. पुढचा तास मिनिट्समध्ये ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढाच आहे.

यंदा सोडत २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर ११ वाजता. सगळे खाली आलेलेच असतात, जिलबी असते. प्रोग्राम मी लिहायचा. चेअरमन म्हणाले, ‘तुझं तर रोजचंच काम आहे, दहा मिनिटांत होईल.’ मलाही तेव्हा तसंच वाटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

८ जानेवारी, बुधवार

दहा मिनिटांत झालं, पण चुकीचं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला स्वतःचं शफल, म्हणजे पिसण्याचं फंक्शन, आहे, तरी हौसेने हाताने लिहिलं: पहिल्या जागेपासून शेवटच्यापर्यंत जायचं, आणि प्रत्येक जागेवरचं नाव यादीतल्या कुठल्याही एका जागेवरच्या नावाशी अदलाबदल करायचं. पत्ते पिसल्यासारखं. यात वावगं काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून तीनच नावं घेतली आणि २७ लाख वेळा पिसली. तीन नावांचे क्रम सहा, म्हणजे प्रत्येक क्रम साडेचार लाखांच्या आसपास यायला हवा. तीन क्रम आले पाच-पाच लाखांच्या घरात आणि तीन चार-चार लाखांच्या. कागदावर मांडलं तेव्हा दोन मिनिटांत उलगडलं. तीन वेळा, दर वेळी तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. २७ ला ६ ने भाग जात नाही. काही क्रमांच्या वाट्याला पाच वाटा येणार, काहींच्या चार. आकडे कितीही चांगले आणा, ही वाटणी समान होऊच शकत नाही.

बरोबर रीत अशी की प्रत्येक पायरीला फक्त अजून न ठरलेल्यांतूनच निवडायचं. आधी तिघांतून, मग दोघांतून, मग उरलेला. ३ गुणिले २ गुणिले १ म्हणजे सहाच वाटा, सहाच क्रम. एका ओळीतला एक आकडा बदलला आणि सहाही क्रम साडेचार लाखांपाशी येऊन बसले.

ही रीत फिशर आणि येट्स यांची, १९३८ च्या त्यांच्या सांख्यिकी कोष्टकांच्या पुस्तकातली. तेव्हा ती कागद-पेन्सिलीने करायची होती. संगणकासाठीचं आजचं रूप १९६४ साली डर्स्टनफेल्डने दिलं. सी विंगमधले सर निवृत्त होईपर्यंत संख्याशास्त्र शिकवायचे. लिफ्टमध्ये त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘ते पुस्तक आहे माझ्याकडे. आणि त्याआधी टिपेटचं होतं, १९२७ चं. ४१,६०० यादृच्छिक अंक, जनगणनेच्या अहवालांतून उचललेले. आम्ही डोळे मिटून पानावर पेन्सिल टेकवायचो.’ पाचवा मजला आला म्हणून थांबले.

११ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस वाया गेला म्हणावं की सार्थकी लागला, कळत नाही.

संगणक आपल्या मनाने आकडा काढत नाही. त्याला एक सीड द्यायचं, त्यावर तो हिशेब करतो, त्या उत्तरावर पुन्हा हिशेब. एकच बी पेरलं की दर वेळी तेच झाड, तीच पानं, त्याच क्रमाने. माझ्या प्रोग्रामने सीड म्हणून घड्याळातली वेळ घेतली होती, सेकंदांत. अर्ध्या जगाची सवय तीच आहे. दर वेळी वेगळी यादी येते, माणूस समाधानी.

दुपारी जेवून पडल्या पडल्या डोक्यात आलं की सोडत ११ ते १२ मध्ये होणार. एका तासात सेकंद ३,६००. म्हणजे ४३ जणांच्या मिळून फक्त ३,६०० शक्य याद्या, आणि त्या सगळ्या मी आज, दोन आठवडे आधी, बघू शकतो. उठलो आणि बघितल्या. अर्ध्या सेकंदाचं काम. आमचा बी-३०४ पहिल्या नंबरावर येतो असे ८१ सेकंद निघाले. (३,६०० भागिले ४३ म्हणजे ८३-८४, म्हणजे पिसण्यात काही खोट नाही, खोट सीडमध्ये आहे.) त्यातला एक ११ वाजून ४ मिनिटं १७ सेकंद. प्रास्ताविक संपतं, चेअरमन ‘चला, करा सुरू’ म्हणतात, साधारण तीच वेळ. मी चष्मा पुसतो, एक घोट पाणी पितो आणि बरोबर १७ व्या सेकंदाला एंटर दाबतो. ७ नंबरची जागा माझी. प्रोग्राम कोणीही तपासावा, त्यात एक अक्षर खोटं सापडणार नाही.

बायकोला दाखवलं. तिने स्क्रीन नीट वाचला आणि म्हणाली, ‘हे सचिवांना सांगू नकोस.’ का, ते मी विचारलं नाही.

हे काही माझं संशोधन नाही. १९९९ साली एका ऑनलाइन पोकरच्या सॉफ्टवेअरचं हेच झालं होतं. बनवणाऱ्यांनी पत्ते कसे पिसतो त्याचा कोड स्वतःच जाहीर केला होता, विश्वास बसावा म्हणून. ५२ पत्त्यांचे क्रम ८ वर सदुसष्ट शून्यं इतके. सीड ३२ बिटांचं, म्हणजे शक्य क्रम फक्त ४,२९,४९,६७,२९६. आणि ते सीड मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांचं, म्हणजे ८,६४,००,०००. काही सुरक्षातज्ज्ञांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं तेव्हा उरले दोनेक लाख क्रम. आपल्या हातातले आणि टेबलावरचे उघडे पत्ते भरले की त्यातला एकच जुळायचा, आणि बाकी सगळ्यांचे पत्ते समोर. त्या कोडमध्ये पिसण्याची चूकही होती. साधारण माझ्या बुधवारच्या जातीची.

वेळ काढून टाकली. सीड कुठून आणायचं हे ठरत नाही तोवर पुढे काही लिहायचं नाही.

१२ जानेवारी, रविवार

सरळ उत्तर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडून घ्या. ती यंत्रातल्या बारीकसारीक गोंधळातून, कुठली खूण नेमकी कधी आली अशातून, अनिश्चितता गोळा करत असते. पासवर्डपासून बँकेपर्यंत सगळं त्यावर चालतं. पायथनमध्ये त्यासाठी सीक्रेट्स नावाचं वेगळं मॉड्यूलच आहे. नेहमीचं रँडम मर्सेन ट्विस्टरवर चालतं, जपानच्या मात्सुमोतो आणि निशिमुरा यांच्या पद्धतीवर. त्याचं आवर्तन, म्हणजे तेच आकडे पुन्हा सुरू होण्याआधीची लांबी, अवाढव्य, २ चा १९,९३७ वा घात वजा १. तरी लागोपाठचे ३२ बिटी ६२४ आकडे पाहिले की पुढचे सगळे सांगता येतात. पाहणीला, खेळाला उत्तम, गुपिताला नाही.

पण माझा प्रश्न गुपिताचा नाहीच. सिस्टीमकडून आलेला आकडा खरोखर सिस्टीमकडूनच आला, मी घरून खिशात घालून आणला नाही, हे बी-५०१ च्या काकूंना कसं कळणार? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवायचा. मग प्रोग्राम कशाला, मीच नावं वाचून दाखवतो की.

अमेरिकेत आयोवामध्ये एडी टिप्टन नावाचा माणूस राज्यांच्या सामाईक लॉटरीसंघटनेत माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता. आकडे काढणाऱ्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये त्याने अशी मेख मारून ठेवली की वर्षातल्या ठरावीक तारखांना आकडे आधी ओळखता येतील. २९ डिसेंबर २०१० ची सोडत त्यातलीच, १ कोटी ६५ लाख डॉलरची. तिकीट घेताना तो दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसला, आणि २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. यंत्र तपासून, सील करून, बंद खोलीत ठेवलेलं होतं. फक्त प्रोग्राम लिहिणारा माणूस आणि किल्ली ठेवणारा माणूस एकच होता.

इथे मीही दोन्ही आहे.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. आई आणि बायको हळदीकुंकवाहून आल्या, वाणात स्टीलची गाळणी, आणि आई हाऊजीत दुसरी लाइन जिंकून आलेली. ती सांगत होती, ‘पिशवीत हात मी घातला नव्हता हो, त्या धाकट्या मुलीने घातला,’ म्हणजे जिंकले ते अगदी सरळ मार्गाने.

पिशवी! सोसायटीच्या कपाटात हाऊजीचा सेट आहे. १ ते ९० सोंगट्या. सगळ्यांसमोर, वेगवेगळ्या हातांनी काढायच्या, फळ्यावर लिहायच्या, आणि तेच सीड. त्याआधी प्रोग्राम आणि यादी दोन्ही नोटीस बोर्डावर लावून मोकळं व्हायचं. प्रोग्राम ठरला तेव्हा सीड कुणाला माहीत नाही, आणि सीड निघालं तेव्हा प्रोग्राम कुणाला बदलता येत नाही. नंतर ज्याला शंका असेल त्याने घरी बसून तोच हिशेब करावा.

गेलेला आठवडा एकदम वसूल झाल्यासारखं वाटलं.

१८ जानेवारी, शनिवार

सेट आणून मोजला. सोंगट्या ८८. सहा आणि सत्तावन्न गायब. ‘म्हणजे दर वर्षी सहा नंबर लागतच नव्हता का?’ आई म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली.

किती सोंगट्या काढायच्या? तीन काढल्या तर क्रम ६,५८,४१६. ऐकायला पुष्कळ, पण तेवढे सगळे मी घरी पडताळून पाहू शकतो, आणि प्रोग्राममध्ये निरुपद्रवी दिसणारं एखादं अक्षर बदलत बसून आपल्या फ्लॅटला थोडं का होईना झुकतं माप मिळेल अशी आवृत्ती शोधू शकतो. बारा काढल्या तर क्रम जवळपास १० वर बावीस शून्यं. मग शोधत बसायची सोय नाही. ४३ नावांचे झाडून सगळे क्रम यावेत असं म्हटलं तर किमान २९ सोंगट्या लागतील. २८ ला हिशेब कमी पडतो. सरांना ते २९ फार आवडलं. पण २९ सोंगट्या काढेपर्यंत जिलबी गार होते. बारा.

संध्याकाळी बी-५०१ च्या काकूंना हे सगळं समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अरे, पिशवीत हात घालायचाच आहे तर मग सरळ त्रेचाळीस चिठ्ठ्याच का नाही काढत? एवढा खटाटोप कशाला?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. घरी येऊन तासभर विचार केला.

उत्तर पिशवीतच होतं. सोंगट्यांतली सहा आणि सत्तावन्न हरवली, त्याने सोडतीत कुणाचं नुकसान झालं? कुणाचंच नाही. सोंगटीवर कुणाचं नाव नाही. एखादी सोंगटी जड असली, तळाशी बसली, मुलाने दोन वरच्यावर उचलल्या, तरी त्या आकड्यांचा शेवटी कुणाला फायदा होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण मधे हिशेब आहे आणि तो सगळं घुसळून टाकतो. चिठ्ठीचं तसं नाही. चिठ्ठी जाड दुमडली, वर राहिली, हरवली, तर ती कुणाची तरी असते.

आणि चिठ्ठ्या नीट घुसळल्या जात नाहीत. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्या, प्रत्येकीत एक तारीख, काचेच्या बरणीतून हाताने काढायच्या. जी तारीख आधी निघेल त्या दिवशी जन्मलेले तरुण आधी भरती. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि घुसळणं अपुरं पडलं, शेवटचे महिने वरच राहिले. अखेर १९५ क्रमांकापर्यंत बोलावणं गेलं, आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी त्यातून सुटल्या फक्त पाच. सारखी वाटणी असती तर चौदाएक सुटायला हव्या होत्या. पुढच्या वर्षी पद्धत बदलली.

काकूंना फोन करून एवढं सांगितलं. म्हणाल्या, ‘हां, हे पटलं. मग एवढं का नाही आधी सांगितलंस, ते बिट बिट काय लावलं होतंस?’

१९ जानेवारी, रविवार

हिशेबाचा भाग लिहिला. पायथनचं शफल वापरलं नाही. त्यांच्या कागदपत्रांत शब्द स्वच्छ आहेत: तेच सीड दिल्यावर मूळ रँडमचे आकडे तेच येतील याची हमी, पण शफलसारख्या इतर फंक्शनची आवृत्तीगणिक हमी नाही. एखाद्याने पाच वर्षांनी पडताळा घेतला आणि यादी वेगळी आली तर पुन्हा तो एक्सेलचा तास.

म्हणून आकडे एसएचए-२५६ मधून. कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढणारी ही जाहीर रीत. सीडची ओळ, त्यापुढे १, २, ३ असा मोजणीचा आकडा, त्याचा हॅश काढायचा, आणि त्यातले पहिले आठ बाइट हा एक आकडा. कुठल्याही भाषेत वीस ओळींत लिहिता येतं.

आधी कंजूषपणा करून एकच बाइट घेतला होता, ० ते २५५, आणि ४३ ने भागून बाकी. नेहमीचा खड्डा, आणि मी त्यात नेहमीप्रमाणे पडलो. ४३ पंचे २१५, वर उरले ४१. म्हणजे ० ते ४० या बाक्या प्रत्येकी सहा वेळा येतात, ४१ आणि ४२ मात्र पाचच वेळा. यादीतले शेवटचे दोन फ्लॅट, सी विंगचा वरचा मजला, त्यांची पहिल्या नंबराची संधी इतरांच्या पाच-षष्ठांश. ज्यांच्या घरात गच्ची गळते त्यांनाच हेही. उपाय एका ओळीचा: २१५ किंवा वर आलं तर टाकून द्यायचं आणि पुढचा आकडा घ्यायचा. आठ बाइटांना हा फरक नगण्य होतो, पण ती ओळ तरी ठेवलीच आहे. एक ओळ लिहायला काय जातं.

२१, २२ जानेवारी

ऑफिस. काही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

यादी गोठवायची होती. प्रोग्रामचा आणि यादीचा हॅश, प्रत्येकी ६४ अक्षरं, नोटीस बोर्डावर लावायचा, पाणी बंद असल्याच्या सूचनेशेजारी. सचिवांना यादी पाठवली, त्यांनी ‘ओके’ करून परत पाठवली. हॅश जुळेना. ओळी मोजल्या, ४३. नावं वाचली, तीच. दोन फायली शेजारी उघडल्या, डोळ्यांना काडीचा फरक नाही.

सचिवांनी एक मोबाइल नंबर दुरुस्त करायला ती एक्सेलमध्ये उघडली होती, मग नको म्हणून तसाच राहू दिला, आणि सेव्ह केली. एक्सेलने सुरुवातीला आपले न दिसणारे तीन बाइट चिकटवले आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकाच्या जागी दोन खुणा घातल्या. माणसाला तीच यादी, हॅशला परकी. एका बाइटानेही हॅश पूर्ण बदलतो, आणि त्यासाठीच तर तो लावायचा आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार.

यादीतून नावं, नंबर सगळं काढून टाकलं. फक्त फ्लॅट क्रमांक, एका ओळीत, मधे स्वल्पविराम. एवढं कुणी हातानेही टाइप करू शकेल. रात्री साडेनऊला बोर्डावर लावलं. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, हा कसला पासवर्ड?’

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन ८ वाजता, सोडत ११ ला ठरलेली, सुरू झाली ११:२० ला. बारा सोंगट्या बारा जणांनी काढल्या, पहिली ए विंगमधल्या चार वर्षांच्या पोराने, शेवटची आजोबांनी. फळ्यावर सर लिहीत होते: ४१, ७, ८१, २३...

पाचव्या सोंगटीला वाद. ६८ की ८९? इंग्रजी आकड्यांची सोंगटी उलटी धरली की एकाचं दुसरं होतं, आणि खालची रेघ झिजून गेलेली. ‘६८ म्हणजे ८९ च असणार,’ ‘नाही, मी सरळ धरली होती.’ मी म्हटलं, सर फळ्यावर लिहितील ते खरं, कारण ६८ चांगलं की ८९ चांगलं हे आत्ता इथे कुणालाच माहीत नाही. क्षणभर शांतता. एवढा वाद होऊनही कुणाला कुठल्या बाजूने भांडायचं हेच ठरवता येईना. सगळ्या प्रकल्पातला माझा आवडता क्षण हाच. सरांनी ६८ लिहिलं. मग ९, ७५, ३४, ५२, १९, ९०, २.

सीड टाइप केलं, दोन जणांनी मागून वाचून पाहिलं, एंटर. यादी आली. पहिल्या पाचांत चार बी विंगचे.

‘वा! प्रोग्राम कुठल्या विंगचा?’ सी विंगमधून. माझी विंग बी. मी त्या चारांत नव्हतो, पण त्याला कोण विचारतो.

सर फळ्यापाशीच होते. त्यांनी खडू उचलला. बी च्या गाड्या १७, ए च्या १४, सी च्या १२. पहिल्या पाचांत निदान चार बी चे येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के. ‘पण तुम्ही बी बद्दल तक्रार करताय ती बी आली म्हणून. ए आली असती तर ए बद्दल केली असती. तेव्हा कुठल्याही एका विंगचे चार येण्याची शक्यता बघायची. ती १२ टक्के. दर आठ सोडतींत एकदा असं दिसणार. यादृच्छिक म्हणजे एक तुझा, एक माझा असं नसतं.’ पाचपैकी चार लोकांना हिशेब कळला नसेल, पण सर खडूने लिहीत होते म्हणून पटला.

आमचा नंबर ३४. वेटिंग ३. बायको काही बोलली नाही. फक्त घरी आल्यावर म्हणाली, ‘चार मिनिटं सतरा सेकंद.’

२७ जानेवारी, सोमवार

रात्री १० वाजता ग्रुपवर सी विंगमधल्या मुलीचा मेसेज. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बोर्डावरची कृती वाचून तिने तोच हिशेब जावास्क्रिप्टमध्ये लिहिला, तेच सीड दिलं, आणि यादी पूर्ण वेगळी आली. पहिला नंबरसुद्धा वेगळा. तिच्या यादीत वेटिंगवरच्या नऊ जणांना जागा मिळत होती, आणि ते नऊही जण दहा मिनिटांत जावास्क्रिप्टचे पुरस्कर्ते झाले.

पोटात खड्डा पडला. तिला फोन केला, दोघांनी एकेक आकडा ताडून पाहिला. हॅश जुळत होता. पहिले आठ बाइट जुळत होते. बाकी जुळत नव्हती. मग तिनेच पकडलं. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच, एककापर्यंत बिनचूक असते. माझे आठ बाइट त्याच्या कितीतरी पुढे जातात. तिथे ती भाषा आकडा जवळच्या सोयीच्या आकड्यावर बसवते, न बोलता. एवढ्या अवाढव्य आकड्यात हजार-पाचशे इकडेतिकडे, पण ४३ ने भागून बाकी काढायची तर त्या हजार-पाचशेतच सगळं आहे. तिने बिगइंट (कितीही मोठी पूर्ण संख्या बिनचूक ठेवणारा प्रकार) वापरून पुन्हा चालवलं. ४३ पैकी ४३ जुळले. साडेअकराला तिने ग्रुपवर दोन्ही स्क्रीनशॉट टाकले. नऊपैकी सहा जणांनी अंगठा दिला.

चूक तिची म्हणता येणार नाही. मी ‘कुठल्याही भाषेत’ असं बोर्डावर लिहिलं होतं. चार बाइट घेतले असते तर कुठल्याही भाषेत निभावलं असतं. पुढच्या वर्षी चार. शिवाय एक नमुना सीड आणि त्याची उत्तरयादी बोर्डावर आधीच लावायची, म्हणजे पडताळणाऱ्याला आपला हिशेब आधी तपासता येईल.

२ फेब्रुवारी, रविवार

जागांवर स्टिकर लागले. २२ नंबर एकतिसाव्याला गेला; प्लंबर म्हणतो पाइप बदलावा लागेल, कोटेशन देतो. प्रोग्राम, यादी, सीड आणि फळ्याचा फोटो सचिवांच्या फाइलमध्ये ठेवला. पुढच्या वर्षीचा कोड त्या सी विंगच्या मुलीने लिहायचा आणि मी फक्त पडताळायचं, असं ठरलं आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही.

वेटिंग ३ वरून २ झालो, ए विंगमधल्यांनी गाडी विकली. तोवर आमची गाडी बाहेर, गुलमोहराखाली.

काकू संध्याकाळी येऊन सत्तावन्न देऊन गेल्या, त्यांच्या सोफ्याखाली सापडली. सहा अजून मिळाली नाही.